सायकलचा ब्रेक आणि दोन बोटे जागा

खंडेनवमीच्या सकाळी विळी, कोयती, करवत ह्यांच्या पंगतीस सायकलही बसते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. अंगणात पाण्याची बादली येते, गाडी धुतली जाते, हँडलला झेंडूची माळ आणि मडगार्डावर हळदकुंकवाचे बोट लागते. धुणाराचा खरा वेळ मात्र एकाच ठिकाणी मोडतो. टायर आणि मडगार्ड ह्यांच्या मधल्या फटीत चातुर्मासाचा चिखल, कोंकणीत ज्यास चिखोल म्हणतात तो, वाळून विटेसारखा झालेला असतो. तो काढण्यासाठी काटकी, नारळाची शेंडी, प्रसंगी जुन्या चमच्याचा दांडा असे एकेक साधन आणावे लागते. हे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले. पण ती फट दोन बोटांचीच का, अधिक का नाही किंवा उणी का नाही, हा प्रश्न आमच्या मनात फार उशिरा आला, आणि तोही एका अपघातामुळे आला.

गेल्या आषाढात आमच्या शेजारच्या तात्यांचा नातू हलकी, बारीक चाकांची सायकल घेऊन गावी आला. पावसाळा लागताच त्याने तिला जरा जाड टायर चढविले आणि आजोबांच्या आग्रहास्तव मडगार्डही बसविले. बसविले म्हणजे कसेबसे कोंबले. वर ब्रेकची कमान, तिच्याखाली मडगार्डाचा पत्रा, त्याखाली टायर. आणि ह्या तिघांमध्ये मिळून एखादे पोस्टकार्ड सरकेल एवढीच मोकळीक. देवळाच्या उतारावर एक बारीक खडा टायरला चिकटून वर आला, पत्रा आणि रबर ह्यांच्यात अडकला, पुढचे चाक जागच्या जागी थबकले आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला गेला. गळ्याजवळचे हाड मोडले. हात झोळीत बांधून सहा आठवडे बसल्यावर त्याने आम्हास विचारले, "काका, जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही पाहिजे असतील, तर ब्रेक कोणता घ्यावा?" प्रश्न साधा वाटला, पण त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हास दीडशे वर्षे मागे जावे लागले, ह्याबद्दल त्याने आम्हास क्षमा करावी.

सायकलच्या आरंभकाळी हा प्रश्नच नव्हता. 1860 नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो ह्यांच्या कारखान्यातून पायडलांच्या ज्या गाड्या बाहेर पडल्या, त्यांच्या चाकांना लोखंडी धाव असे. हँडलची मूठ पिळली की दोरी ताणली जाई आणि मागच्या चाकाच्या धावेवर एक पळीसारखी पट्टी दाबली जाई. पुढे उंच चाकाच्या गाड्या आल्या, धावेच्या जागी भरीव रबर आले, तरी ब्रेक तोच राहिला: वरून खाली येणारा, चाकाच्या पाठीवर थोपटणारा. अशा ब्रेकला टायर रुंद की अरुंद ह्याशी कर्तव्य नसते. टायरची पाठ हीच त्याची जागा.

1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली ह्यांनी दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' ही गाडी लोकप्रिय केली आणि 1888 साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ह्या दोन गोष्टींनी आजची सायकल घडविली, असे सर्वच इतिहासकार सांगतात. आम्हास त्यात एक पुरवणी जोडावयाची आहे. हवेच्या टायरने ब्रेकला बेघर केले. फुगलेल्या, पातळ, महाग रबरावर पट्टी घासणे म्हणजे आपणच आपल्या टायरला भोक पाडणे होय. तेव्हा ब्रेकने टायर सोडून आतल्या धातूच्या कड्यावर, रिमवर, जावयाचे ठरले. येथेच सारी अडचण उत्पन्न झाली. रिम आत आहे, टायर तिच्या बाहेर आहे, आणि ब्रेक टांगावयाचा तो फोर्कच्या माथ्याशी, म्हणजे टायरच्याही बाहेर. बाहेरून आतल्या वस्तूस हात लावावयाचा तर मधल्या टायरला वळसा घालणे आले. टायरवर मडगार्ड असेल तर त्यालाही घालणे आले. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ब्रेकचे जे जे प्रकार निघाले, ते बहुतेक हा वळसा कसा घालावा किंवा कसा टाळावा ह्याविषयीचे आहेत.

इंग्रजांनी काढलेला मार्ग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या काळ्या, भारदस्त, पूर्ण चेनकव्हरच्या सायकलीला जो सळ्यांचा ब्रेक असतो, तोच हा. हँडलखालची मूठ ओढली की सळ्यांची साखळी हलते आणि घोड्याच्या नालासारखी एक कमान वर ओढली जाते. ही कमान मडगार्डाच्या अंगावरून, दोन्ही बाजूंना ऐसपैस पाय सोडून, खाली उतरते. तिच्या टोकांचे रबरी ठोकळे रिमच्या बाजूस लागत नाहीत. ते रिमच्या आतल्या, आसाकडे तोंड केलेल्या अंगाला, तारांच्या दोहों बाजूंस, खालून वर चिकटतात. ह्यासाठी रिमही खास असते. वेस्टवुड रिम ह्या नावाने ती ओळखली जाते. हिच्या कडा गोलसर असतात आणि आतले अंग ठोकळ्यांसाठी सपाट राखलेले असते. नाल हवा तेवढा रुंद करता येतो. त्यामुळे अठ्ठावीस इंची चाकाला दीड इंची, म्हणजे सुमारे 40 मि.मी. रुंदीचे टायर, त्यावर ऐसपैस मडगार्ड आणि मध्ये दोन बोटे मोकळी जागा, असा सुखाचा संसार ह्या ब्रेकखाली थाटता येतो. चाक थोडे डावीउजवीकडे डुलले तरी ह्या ब्रेकचे बिघडत नाही. ते वाटोळे मात्र राहिले पाहिजे.

ही गाडी हिंदुस्थानात टिकली ती केवळ इंग्रजी राज्यामुळे नव्हे. स्वातंत्र्यानंतर येथे जे कारखाने निघाले, 1949 साली मद्रासजवळ अंबत्तूरला, 1951 साली सोनीपतला, 1952 साली आसनसोलला आणि 1956 साली लुधियानाला, त्यांनी हाच नमुना हजारोंनी, पुढे लाखोंनी काढला; कारण येथले रस्ते, येथला पाऊस आणि येथला पोषाख ह्यांना तो मानवला. धोतर नेसून, कॅरिअरला फुलांची परडी लावून पहाटे देवळाकडे निघालेल्या गुरुजींस अंगावर उडालेला चिखल ही केवळ गैरसोय नसते. त्यांस परत फिरून स्नान करावे लागते. त्यांच्या दृष्टीने मडगार्ड हा गाडीचा अलंकार नव्हे, अवयव आहे. चाक काढावयाचे झाल्यास हा सळ्यांचा पसारा सोडावा लागतो, ही मोठी कटकट खरी. पण आपल्याकडचे रस्त्यावरचे मिस्त्री त्यावर तोड काढून बसले आहेत. ते चाक काढीतच नाहीत. टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढतात, तेथेच ठिगळ लावतात आणि परत आत सारतात.

तथापि ह्या ब्रेकची स्तुती करताना आमची जीभ किंचित अडखळते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका श्रावणात आम्ही अनमोडचा घाट अशाच गाडीवरून उतरलो. पाऊस संततधार होता. मडगार्डांनी आपले काम इतके चोख केले की पायांवर एक शिंतोडाही आला नाही. परंतु दोन्ही मुठी हँडलला टेकेपर्यंत आवळल्या तरी गाडी थांबेना. रिम पोलादाची, वर चकचकीत मुलामा, त्यावर पाण्याचा थर. ठोकळे त्यावरून साबणावरून हात सरकावा तसे सरकत होते. शेवटी आम्ही वहाणेचा तळ रस्त्याला घासत आणला आणि एका वळणावर डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घालून थांबलो. वहाण गेली, आम्ही राहिलो. दोष त्या ब्रेकच्या रचनेचा फारसा नव्हे. ओल्या मुलाम्याच्या पोलादी रिमवर कोणत्याही जातीचा ब्रेक असाच फसवितो. पण पावसासाठी बांधलेली गाडी पावसातच थांबत नाही, ही विसंगती तेव्हापासून आमच्या मनात घर करून राहिली.

ह्या विसंगतीचे निवारण करण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न, आमच्या मते, फ्रेंचांनी केला. त्यांच्याकडे शर्यतवाल्यांहून निराळा असा एक पंथ होता: डोंगर ओलांडीत लांबच लांब प्रवास करणाऱ्या हौशी सायकलस्वारांचा. सँत-एत्येन गावचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, हे ह्या पंथाचे गुरू. रेशमाचा व्यापार करणाऱ्या ह्या गृहस्थांनी 1887 साली सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि रुंद टायर व गिअर ह्यांचा आयुष्यभर पुरस्कार केला. ते शाकाहारी होते, ही गोष्ट आमच्या काही वाचकांस विशेष वाटेल. 1930 साली ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागून आलेल्या पिढीने पॅरिसला लागून असलेल्या लव्हाल्वा-पेरे येथील रने हेर्स आणि अलेक्स सँगे ह्यांच्यासारख्या कारागिरांकडून ज्या गाड्या करवून घेतल्या, त्यांत चाके जराशी लहान, टायर चांगले रुंद, मडगार्ड हलक्या धातूची आणि रिमही अ‍ॅल्युमिनियमच्या असत. अ‍ॅल्युमिनियमवर ओला ब्रेक पोलादाहून कितीतरी बरा धरतो.

परंतु खरी युक्ती ब्रेकमध्ये होती, आणि ती समजण्यासाठी घरातला अडकित्ता हाती घ्यावा. सुपारी खिळ्याजवळ धरली तर बोटांच्या जोराने फुटते. पात्याच्या टोकाशी धरली तर सारा पंजा लावला तरी निसटते. फोर्कच्या माथ्याला एकाच बोल्टवर टांगलेला जो नेहमीचा चिमट्यासारखा ब्रेक, ज्यास कॅलिपर म्हणतात, तो हा अडकित्ताच होय. बोल्ट हा त्याचा खिळा, रिम ही सुपारी. टायर जाड केले, मडगार्ड घातले, की बोल्ट वर जातो, रिम त्यापासून लांब पडते आणि चिमट्याचे पाय लांब करावे लागतात. लांब पाय दोन प्रकारे दगा देतात: एक तर जोर कमी पडतो, आणि दुसरे म्हणजे पाय स्वतःच वाकून थोडा जोर खाऊन टाकतात. 1896 साली बाउडन ह्यांनी पेटंट घेतलेल्या तारेच्या दोरीमुळे हा ब्रेक हलका आणि सोयीचा झाला. पण अडकित्त्याचा नियम तारेने बदलत नाही.

फ्रेंच कारागिरांनी खिळाच हलविला. फोर्कच्या दोन पायांवर, रिमच्या जवळ, दोन लहान खुंट्या डाक लावून कायमच्या बसविल्या आणि प्रत्येक खुंटीवर ब्रेकचा एकेक हात ठेवला. आता टायर 25 मि.मी. असो की 42 मि.मी., खिळ्यापासून रिमचे अंतर तेच. वरची सारी जागा टायरला व मडगार्डाला मोकळी. ह्या ब्रेकला कँटिलिव्हर म्हणतात. क्लेरमाँ-फेराँ येथील माफाक ह्या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा उत्तम नमुना काढला आणि तो पुढे दूर दूर पोहोचला. त्यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. दोन्ही हातांना जोडणारी एक आडवी तार टायरवरून जाते आणि मुख्य तार तुटली तर ती खाली टायरवर पडून चाक अडकवू शकते. मात्र मध्ये मडगार्ड असेल तर ती त्याच्या पाठीवर अडते. तात्यांच्या नातवाला ज्या मडगार्डाने पाडले, तेच येथे रक्षण करते.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात आटोपतो. शिकागोच्या श्विन कारखान्याने 1933 साली सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर मुलांच्या सायकलींना लावले. त्याला वळसा घालण्याच्या भानगडीत तेथले लोक पडलेच नाहीत. पायडल उलटे दाबले की मागच्या आसाच्या डब्यात ब्रेक लागेल अशी सोय त्यांच्याकडे आधीपासून होती. अशा गाड्या घेऊन कॅलिफोर्नियातील काही तरुण 1976 पासून एका डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. तळाशी पोहोचेपर्यंत डब्यातले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर डबा उघडून ते नव्याने भरावे लागे. त्या उतारालाच 'पुन्हा भरणे' अशा अर्थाचे 'रीपॅक' हे नाव पडले. 1977 साली जो ब्रीझ ह्यांनी अशा उतारांसाठी मुद्दाम नवी गाडी बांधली तेव्हा तिला खुंट्यांवरचे ब्रेक आले. 1996 साली शिमानोने ह्याच खुंट्यांवर लांब, उभ्या हातांचा व्ही-ब्रेक आणला. त्याची आडवी तार टायरच्या फार जवळून जाते, म्हणून फार जाड टायरवर मडगार्ड घालताना ती नडू शकते. आणि त्याला तार अधिक ओढणारी स्वतःची मूठ लागते, जुनी चालत नाही.

अखेर ब्रेकने रिमही सोडली. आसाजवळ एक पातळ चकती आणि तिला चिमटणारे ठोकळे, हा डिस्क ब्रेक मोटारींकडून आला, डोंगरी सायकलींवर रुळला आणि 2018 साली रस्त्यावरच्या शर्यतींतही त्याला जागतिक संघटनेने मान्यता दिली. टायरभोवतीचा वळसा येथे संपला. चकती रस्त्यावरच्या पाण्याचिखलापासून उंच राहते, ठोकळे कठीण असतात, पावसात थांबण्याची खात्री पुष्कळच वाढते. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्याने 1930 नंतरच्या दशकात आसाच्या डब्यात बसणारे जे ड्रम ब्रेक काढले, त्यांचाही गुण हाच, जरी ते जड असतात आणि लांब घाटात तापतात. परंतु जुन्या गाडीला डिस्क ब्रेक 'लावून घेऊ' असे म्हणणाऱ्यास आम्ही हात जोडतो. त्याचा सगळा ताण फोर्कच्या एकाच पायाच्या टोकाशी येतो. त्यासाठी फोर्क मुळातच तसा घडविलेला असावा लागतो.

आता तात्यांच्या नातवाकडे वळू. तो ब्रेक निवडावयास निघाला होता. पण ब्रेक बहुधा दुकानात निवडला जात नाही, फ्रेम घडली त्या दिवशीच तो निवडून ठेवलेला असतो. आम्ही त्याच्या गाडीचे चाक जागेवर ठेवून, फोर्कच्या माथ्याच्या भोकापासून रिमच्या बाजूच्या मध्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. ते 46 मि.मी. भरले. आजकालच्या शर्यती घाटाच्या गाड्यांचे ब्रेक 39 ते 49 मि.मी. पोहोचीचे असतात, मधल्या पोहोचीचे 47 ते 57, आणि त्याहून लांब असे सुमारे 57 ते 75 चे. म्हणजे त्याच्या गाडीला अगदी आखूड ब्रेकच बसणार. लांब ब्रेक आणला तर त्याचे ठोकळे रिमच्या खाली तारांवर जातील. जाड टायर आणि मडगार्ड ह्यांस त्या फोर्कमध्ये मुळात जागाच नव्हती. हा दोष कारखान्याचा नव्हे. ती गाडी कोरड्या, गुळगुळीत रस्त्यासाठीच बांधलेली. दोष हा की तसे तिला विकताना कोणी सांगितले नाही, आणि विकत घेताना कोणी विचारले नाही.

एक वाट मात्र उरते, आणि ती त्या फ्रेंच प्रवाशांच्याच चाकात आहे. त्याच्या गाडीची रिम 622 मि.मी. मापाची, फ्रेंचांची 584. त्रिज्येत 19 मि.मी.चा फरक. लहान चाक घातले की बोल्टापासून रिमचे अंतर 46 अधिक 19, म्हणजे 65 होते, आणि लांब पोहोचीचा ब्रेक नेमका बसतो. त्यावर 38 मि.मी.चे टायर चढविले तरी पूर्वीच्या 25 मि.मी.च्या टायरसह जेवढे चाक उंच होते, त्याहून हे सहा मि.मी.नी ठेंगणेच राहते. तेवढे मडगार्डाच्या वाट्यास येतात. अडकित्त्याचा नियम येथे आपले शुल्क वसूल करणार, लांब पायांचा ब्रेक किंचित मऊ लागणार, हे त्यास आम्ही स्पष्ट सांगितले. फोर्कच्या दोन पायांमधली आणि मागच्या दोन दांड्यांमधली रुंदीही मोजून पाहिली. मडगार्ड टायरहून निदान आठदहा मि.मी. रुंद असावे लागते, तेवढी जागा काठोकाठ निघाली. पायडले जमिनीस थोडी जवळ येतील, वळणावर ती जपावी लागतील. हे सर्व त्याने एका कागदावर लिहून घेतले.

चाके मागविली आहेत, पण ती अजून यावयाची आहेत. तोवर तो तात्यांची काळी गाडी वापरतो. यंदाच्या खंडेनवमीस तिच्या मडगार्डातला चिखल त्यानेच काढला. दोन बोटे जागा आहे की नाही हेही बोट घालून पाहिले, आहे. पाऊस असला म्हणजे देवळाच्या उतारावर मात्र तो खाली उतरतो आणि गाडी हाताने धरून नेतो.